पेट्रोलची लक्झरी सेडान की इलेक्ट्रिक? मराठवाड्यातल्या खरेदीदारासाठी, पायरीपायरीने

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या मंडळींनी एकत्र येऊन एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. तेव्हापासून मराठवाड्यात एवढ्या महागड्या गाड्या घेतो कोण, हे विचारायची सोय राहिली नाही. शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडी जुळवल्या जातात, जालन्याच्या स्टीलवाल्यांच्या आणि लातूरच्या डॉक्टरांच्या दारात लांबलचक सेडान उभ्या असतात. आता प्रश्न एवढाच उरलाय की पुढची गाडी पेट्रोलची घ्यायची की विजेची. साधारण पन्नास लाख ते सव्वा कोटीच्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिलाय. पेट्रोलमध्ये बीएमडब्ल्यूची लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, म्हणून मागे ऐसपैस) ३ आणि ५ सीरीज, मर्सिडीजची सी आणि ई क्लास, ऑडी ए६. इलेक्ट्रिकमध्ये बीवायडी सील, बीएमडब्ल्यू आय४ आणि आय५, आणि खिसा अजून सैल असेल तर मर्सिडीज ईक्यूएस. नवी किंवा कमी चाललेली जुनी, दोन्हींना पुढचा हिशेब लागू पडतो.

शोरूममध्ये गेलात की सेल्समन पहिल्यांदा सांगणार, शून्य ते शंभर इतक्या सेकंदांत. डिसेंबर-जानेवारीत अंबाजोगाई रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरमागे ते सेकंद फारसे कामाला येत नाहीत. म्हणून शोरूम सगळ्यात शेवटी. आधी रस्ता, मग विजेचा मीटर, मग पैसा. या तिन्हींची उत्तरं कागदावर आली की गाडी जवळजवळ ठरलेलीच असते.

पहिली पायरी: वर्षभराचा रस्ता लिहून काढा

अंदाजाने सांगू नका. "महिन्यातून दोनदा पुण्याला जातो" म्हणणारे लोक खरं तर वर्षातून सात-आठ वेळा जातात आणि उरलेले दिवस गाडी घर ते दुकान फिरते. सध्याच्या गाडीच्या फास्टॅगचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. बँकेच्या ॲपमध्ये पाच मिनिटांत मिळतं. त्यात एका दिवसात तीनशे किलोमीटरच्या पुढचे प्रवास किती, आणि त्यांतले अचानक निघालेले किती, हे वेगळं लिहा. लग्न, कोर्टाची तारीख, मुलांचं होस्टेल हे आधी माहीत असतं. रात्री दोनला नांदेडहून पेशंटला घेऊन हैदराबाद गाठणं माहीत नसतं.

मग प्रत्येक रस्त्यासमोर अंतर मांडा. संभाजीनगर ते पुणे २३५ किलोमीटरच्या आसपास, लातूर ते पुणे सव्वातीनशे ते साडेतीनशे, नांदेड ते हैदराबाद पावणेतीनशेच्या घरात, नांदेड ते पुणे साडेचारशे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू होऊन पूर्ण झाला, त्यामुळे संभाजीनगरहून मुंबई सव्वातीनशेच्या आसपास पडते.

आता गाडीच्या जाहिरातीतली रेंज बाजूला ठेवा. ईक्यूएस ५८० इथे आली तेव्हा तिची चाचणीतली रेंज ८५७ किलोमीटर सांगितली गेली, सीलची ६५० पर्यंत. हे आकडे खोटे नसतात, पण ते प्रयोगशाळेतल्या संथ चाचणीचे असतात. रस्त्यावरचा हिशेब बॅटरीच्या युनिटांवरून करायचा. आय४ मध्ये वापरता येणारी बॅटरी सुमारे ८० युनिटची आहे. पूर्ण भरून निघालात आणि दहा टक्के शिल्लक ठेवून पोचायचं ठरवलं, तर हातात ७२ युनिट. एसी चालू, ताशी ९०-१०० चा वेग धरला तर अशी गाडी शंभर किलोमीटरला साधारण १८ युनिट खाते, म्हणजे चारशे किलोमीटर. समृद्धीवर ताशी १२० ची परवानगी आहे. तो वेग सतत धरलात, वर मे महिना असला, तर २२ युनिट धरा. मग तेच चारशे किलोमीटर ३२५ वर येतात.

म्हणजे संभाजीनगर ते मुंबई शंभरच्या वेगाने न थांबता होते, एकशेवीसच्या वेगाने काठावर येते. शिवाय जाताना इगतपुरीनंतर उतार मिळतो, येताना तीच चढण गाडीला ओढावी लागते. परतीची युनिटं नेहमी जास्त धरा.

याच हिशेबाने स्वतःचे तीन नेहमीचे लांबचे रस्ते तपासा. तिन्ही एका चार्जमध्ये बसत असतील, तर पुढचं निम्मं टेन्शन गेलं. महिन्यातून तीन-चारदा अचानक साडेचारशे किलोमीटर मारावे लागत असतील, तर मी इथेच थांबून पेट्रोल घ्या म्हणेन आणि पुढच्या पायऱ्या फक्त कुतूहल म्हणून वाचा.

दुसरी पायरी: मीटर, डीपी आणि अर्थिंग

इलेक्ट्रिक गाडीचा खरा पंप तुमच्या घरात असतो. त्यामुळे गाडी बघायच्या आधी वायरमनला बोलवा. शक्यतो घराची वायरिंग करणारा नको, कारखान्यात किंवा दवाखान्यात काम केलेला आणि मेगर (वायरिंगमधली गळती तपासायचं यंत्र) वापरणारा बघा.

पहिलं, मंजूर भार. महावितरणच्या बिलावर तो छापलेला असतो. जुन्या घरांत तीन ते पाच किलोवॉट सिंगल फेज असतो आणि त्यावरच दोन एसी, गिझर, बोअरची मोटर चालू असते. भिंतीवर बसणारा नेहमीचा चार्जर ७.४ किलोवॉटचा, म्हणजे ३२ अँपिअर. त्याच्यासाठी भार वाढवून थ्री फेज घेणंच शहाणपणाचं. ११ किलोवॉटचा चार्जर तर थ्री फेजशिवाय चालतच नाही. भारवाढीचा अर्ज ऑनलाइन करता येतो, पण तुमच्या गल्लीतल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, आधीच ताण असेल तर काम रेंगाळू शकतं. म्हणून गाडीच्या बुकिंगआधी अर्ज टाका.

सगळ्यांना मोठा चार्जर लागतोच असं नाही. रोजचं फिरणं चाळीस-पन्नास किलोमीटर असेल तर खर्च होतात दहा युनिट. साधा १६ अँपिअरचा सॉकेट तासाला तीन युनिटच्या आसपास देतो. रात्री चार तासांत काम होतं. मोठा चार्जर लागतो तो आज मुंबईहून येऊन उद्या पहाटे पुन्हा निघणाऱ्याला. सॉकेट असो वा चार्जर, लाइन मात्र मीटरपासून स्वतंत्र ओढा. ३२ अँपिअरला सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, पार्किंग लांब असेल तर दहाची. स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). घरातल्या एसीच्या पॉइंटला गाडी लावून रात्रभर सोडणारे महाभाग मला माहीत आहेत. त्या पॉइंटचं प्लास्टिक पिवळं पडलेलं असतं.

दुसरं, अर्थिंग. याकडे शोरूमवाला क्वचित लक्ष देतो आणि मराठवाड्यात यावरच गाडी अडते. गाडीचा चार्जर अर्थिंग नीट नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही, लाल दिवा लावून बसतो. आपली काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते, पण एप्रिल-मेमध्ये तिला हातहात भेगा पडतात. मग अर्थिंगच्या सळईभोवतीची माती सुटते, रोध वाढतो आणि दिवाळीत नीट चालणारा चार्जर अक्षय्य तृतीयेला रुसतो. उपाय साधा आहे. चार्जरसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा घ्या, त्यात केमिकल अर्थिंग करा, वर झाकण ठेवा आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओता. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवा. दहा-बारा दाखवत असेल तर आधी तो दोष काढा.

तिसरं, लाइट जाणं. शहरात रात्रभर वीज असते, तिथे फार चिंता नाही. पण घर गावात किंवा मळ्यात असेल, आणि कनेक्शन शेतीच्या फीडरवर असेल, तर गणित बदलतं. आठवड्याआड दिवस-रात्र बदलणारी थ्री फेज, रब्बीत सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की पडणारा व्होल्टेज. कमी व्होल्टेजवर चार्जर स्वतःला बंद करून घेतो. सात किलोवॉटचा स्टॅबिलायझर बसवणं हा किरकोळ खर्च नाही. मळ्यातच राहणाऱ्याने गावठाण फीडरवरून कनेक्शन मिळतंय का हे आधी बघावं.

छत स्वतःचं असेल तर सोलरचा विचार इथेच करा. आपल्याकडे एक किलोवॉटचं पॅनेल सरासरी दिवसाला चार युनिट देतं. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला चार्जिंगमधली घट धरून तीन हजार युनिट लागतात, म्हणजे घराच्या गरजेवर अडीच किलोवॉट जास्तीचे बसवले की गाडीचं भागलं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि त्यापुढच्या घरगुती यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीची लेखी परवानगी, तुमच्या मीटरपासून तुमच्या पार्किंगपर्यंत वायर कशी जाणार याचा नकाशा, आणि पार्किंग कागदोपत्री तुमचंच आहे याचा पुरावा, एवढं हातात आल्याशिवाय इलेक्ट्रिकचा विषय काढू नका. बाहेरच्या चार्जरच्या भरवशावर लक्झरी इलेक्ट्रिक गाडी घेणं मला तरी पटत नाही. एवढे पैसे मोजून रोज रांगेत कोण उभं राहणार?

तिसरी पायरी: वाटेतले चार्जर सध्याच्या गाडीने फिरून बघा

मोबाइलवरच्या नकाशात चार्जर दिसतो म्हणजे तो चालू आहे असं नाही. पुढच्या लांबच्या प्रवासात तुमच्याच सध्याच्या गाडीने जा आणि दोन-तीन ठिकाणी आत वळून बघा. सीसीएस-२ ची गन (या गाड्यांना लागणारा फास्ट चार्जिंगचा प्लग) आहे का, मशीन किती किलोवॉटचं आहे, गनची वायर शाबूत आहे का, लाइट गेली तर जनरेटरवर चालतं का, शेजारी स्वच्छ संडास आणि बसायला जागा आहे का. तिथल्या पोराला विचारा, "काल किती गाड्या लागल्या?" त्याच्या उत्तरातून ॲपपेक्षा जास्त कळतं.

मशीनवर ६० किलोवॉट लिहिलेलं असेल आणि त्याला दोन गन असतील, तर शेजारी दुसरी गाडी लागली की तुमच्या वाट्याला बहुधा तीस येतात. ८० युनिटची बॅटरी दहावरून ऐंशी टक्क्यांवर न्यायला ५६ युनिट लागतात. साठच्या मशीनवर तासभर, तीसवर दोन तास. ऐंशीच्या पुढे गाडी स्वतःच वेग कमी करते, म्हणून शेवटच्या वीस टक्क्यांसाठी ताटकळण्यात अर्थ नाही.

माझा एक नियम आहे. नेहमीच्या रस्त्यावर जिथे थांबायचं ठरवता, तिथून तीस-चाळीस किलोमीटरच्या आत दुसऱ्या कंपनीचा आणखी एक चार्जर असला पाहिजे. संभाजीनगर-पुणे आणि नांदेड-हैदराबादसारख्या वर्दळीच्या रस्त्यांवर हा नियम पाळायला फार शोधावं लागत नाही. आडवे रस्ते धरलेत, म्हणजे हिंगोली-परभणी-गंगाखेड किंवा भूम-परांड्याकडे, की एकेक चार्जर जपून मोजावा लागतो.

पेट्रोलवाल्यांनीही गालातल्या गालात हसू नये. मनमाडच्या डेपोपासून लांब पडल्यामुळे परभणीचं पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग म्हणून वर्षानुवर्षं बातम्यांत येत राहिलं. शिवाय या टर्बो इंजिनांना किती ऑक्टेनचं इंधन हवं हे टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं. ते वाचा आणि तुमच्या तालुक्याच्या पंपावर मिळतं का बघा. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांतून जातं. पण त्यात ऊर्जा कमी असल्याने ॲव्हरेज थोडं घटतं. जुनी लक्झरी सेडान घेत असाल तर ती २० टक्क्यांसाठी बनवलेली आहे का, हे मॉडेलच्या वर्षावरून कंपनीकडून लेखी घ्या.

चौथी पायरी: पैशाचा हिशेब

इथे बहुतेक लोक चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. इंधनाची बचत आधी मोजतात आणि मोठ्या रकमा तशाच राहतात.

खरेदीच्या दिवशीच्या करांपासून सुरू करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल लक्झरी गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर ५ टक्के. हा शोरूम किमतीत धरलेलाच असतो. त्यावर राज्याचा मोटार वाहन कर. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के, कंपनीच्या नावावर २० टक्के. म्हणजे ७० लाखांच्या गाडीवर ९ लाख १० हजार, किंवा फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १४ लाख. इलेक्ट्रिकला राज्याच्या २०२५ च्या धोरणात हा कर माफ आहे. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला होता, तो नंतर मागे घेतला गेला. पण धोरणं बदलतात. बुकिंगच्या आठवड्यात आरटीओत जाऊन त्या दिवशीचा दर विचारा आणि डीलरच्या कोटेशनमध्ये तो वेगळ्या ओळीत लिहून घ्या.

दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच कापून घेतलेला आयकर, दोन्हींना लागतो. तो खर्चात धरू नका, रिटर्नमध्ये वळता होतो.

व्यवसाय असेल तर खरी मजा घसाऱ्यात आहे, म्हणजे गाडीची किंमत दरवर्षी घटते असं धरून करपात्र नफ्यातून मिळणाऱ्या वजावटीत. आयकरात साध्या मोटारीला १५ टक्के घसारा मिळतो, इलेक्ट्रिकला ४० टक्के. ७० लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी साडेदहा लाख विरुद्ध २८ लाख, तेही गाडी त्या वर्षात १८० दिवस तरी वापरात असेल तर, नाहीतर निम्मा. म्हणून मार्चच्या शेवटी घाईने नोंदणी करण्यात फार हशील नाही. ज्या डॉक्टर-वकिलांचा आयकर अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत भरला जातो, त्यांना घसारा वेगळा मिळत नाही. त्यांनी या फरकावर भाळू नये. गाडीवर भरलेला जीएसटी परत मिळतो असं कोणी सांगितलं, तर आपल्या सीएला फोन लावा. स्वतः बसायच्या गाडीला ते क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. तसंच इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची वजावट होती, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच. तरी अजून ती ऐकवली जाते.

आता इंधन. वर्षाला १५,००० किलोमीटर धरू. पेट्रोल सेडान गाव आणि हायवे मिळून लिटरला दहा देते, पेट्रोल १०५ रुपये. वर्षाचे १ लाख ५७ हजार. इलेक्ट्रिकला तीन हजार युनिट. त्यातली २१०० घरची, ९०० बाहेरची. घरच्या बिलात गाडीची युनिटं नेहमी वरच्या स्लॅबात जाऊन बसतात, त्यामुळे सरासरी दर लावू नका. पाचशे युनिटच्या पुढचा दर पंधरा रुपयांच्या वर जातो, आपण १६ धरू. बाहेर २४ धरू. दोन्ही मिळून ५५ हजार. म्हणजे वर्षाला लाखभर बचत, पाच वर्षांत पाच लाख. सोलर असेल तर आणखी लाख-दीड लाख.

पाच लाख ही रक्कम लहान नाही, पण ७० लाखांच्या गाडीपुढे मोठीही नाही. पाच वर्षांनी विकताना इलेक्ट्रिकला पेट्रोलपेक्षा दहा टक्के कमी आले, तर सात लाख गेले आणि इंधनाची सगळी बचत त्यात वाहून गेली. आणि जुन्या इलेक्ट्रिक सेडानला लातूर-नांदेडच्या बाजारात गिऱ्हाईक थोडं आहे, दलाल पहिल्यांदा बॅटरीबद्दलच विचारतो. म्हणून इलेक्ट्रिक घेताना ठरावीक वर्षांनी ठरलेल्या किमतीला परत घेण्याची हमी कंपनी देते का, हे विचाराच. त्यात किलोमीटरची मर्यादा आणि ओरखड्यांच्या अटी बारीक अक्षरात असतात.

एकंदर पाहता, कंपनीच्या नावावर घेणाऱ्या, नफा असलेल्या आणि घसारा घेऊ शकणाऱ्या माणसाला पैशाच्या हिशेबात इलेक्ट्रिक सरळ पुढे आहे. पगारातून किंवा अंदाजित योजनेतून घेणाऱ्याला हा सामना बरोबरीचा आहे. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच फिरणाऱ्याने तर इंधनाच्या बचतीवर निर्णय घेऊच नये.

टोलचं थोडक्यात. २०२५ च्या धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. समृद्धीवर जाताना पैसे कापले गेले तर फास्टॅगची नोंद जपून ठेवा आणि तक्रार करा.

पाचवी पायरी: ऊन, खड्डे, गारा, पूर

एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडला पारा ४२-४३ च्या पुढे जातो. बॅटरी थंड ठेवायची व्यवस्था या सगळ्या गाड्यांमध्ये असते, त्यामुळे "उन्हात पेट घेते" असल्या फॉरवर्डवर झोप घालवू नका. पण सवयी हव्यात. ज्या गाड्यांत निकेलवाली बॅटरी आहे, उदाहरणार्थ आय४ किंवा ईक्यूएस, त्यांना रोज ८० टक्क्यांवर थांबवा आणि प्रवासाच्या आदल्या रात्रीच शंभर करा. सीलमध्ये लोह-फॉस्फेटची बॅटरी आहे. ती उष्णतेला आणि पूर्ण चार्जला जास्त सोशिक असते. भर उन्हात उभी गाडी शंभर टक्के भरून आठवडाभर सोडणं कुठल्याच बॅटरीला मानवत नाही. परदेशी जाणार असाल तर अर्धी भरून सावलीत ठेवा.

काचेचं छत शोरूमच्या एसीत सुंदर दिसतं. मे महिन्यात दुपारी एकला त्याखाली बसून बघा. शिवाय फेब्रुवारी ते एप्रिल आपल्याकडे गारा पडतात. द्राक्षबागांना झोडपणारी गार काचेलाही सोडत नाही. विम्यात काच आणि झिरो डेप (सुट्या भागांची झीज वजा न करता भरपाई) दोन्ही घ्या.

या सेडान मुळात बुटक्या, त्यात इलेक्ट्रिकची बॅटरी पोटाखाली. सीलचा तळ जमिनीपासून १४५ मिलिमीटर, आय४ त्याहून खाली. गावातल्या गतिरोधकांना ना माप असतं ना रंग. टेस्ट ड्राइव्हला मागे तीन मोठी माणसं बसवून तुमच्या गल्लीतला सगळ्यात वाईट गतिरोधक पार करून बघा. पेट्रोल गाडी घासली तर खालचं प्लास्टिक तुटतं. इलेक्ट्रिकचं बॅटरीचं कवच चेपलं तर वर्कशॉप आधी विम्याची फाइल मागतं. म्हणून बॅटरीचं वेगळं संरक्षण पॉलिसीत आहे का, आणि तळाला लागलेला मार त्यात धरलाय का, हे वाचून सही करा. पेट्रोलला तसंच इंजिन संरक्षण घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जे पाणी आलं, त्यानंतर हे वेगळं पटवून द्यायला नको. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला, कुठलीही असो, पुन्हा चालू करायचा प्रयत्न करायचा नाही.

स्टेपनी बघा. यांतल्या बऱ्याच गाड्यांत ती नसतेच. पंक्चरचं किट किंवा रन-फ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) टायर. लोहा-कंधार रस्त्यावर टायरची बाजू फाटली तर किटचा उपयोग शून्य, आणि त्या मापाचा टायर तालुक्याला मिळत नाही. इलेक्ट्रिक गाड्या जड असल्याने टायरही लवकर झिजतात.

सहावी पायरी: वर्कशॉप आणि वॉरंटी

इलेक्ट्रिकला ऑइल, फिल्टर, प्लग नाहीत, त्यामुळे नेहमीची सर्व्हिस स्वस्त. पण जवळच्या वर्कशॉपला हाय व्होल्टेजचं काम करायची परवानगी आहे का, हे विचारा. अनेकदा छोट्या शहरातलं केंद्र फक्त ब्रेक-टायर बघतं आणि बॅटरीचं काम निघालं की गाडी ट्रेलरवर पुण्याला किंवा हैदराबादला जाते. तो ट्रेलर किती किलोमीटरपर्यंत फुकट आणि बदली गाडी मिळते का, हे लेखी घ्या. लातूर-धाराशिवकरांना हा मुद्दा संभाजीनगरकरांपेक्षा जास्त बोचतो, कारण त्यांना पेट्रोल लक्झरीसाठीही लांब जावंच लागतं.

बॅटरीची वॉरंटी बहुतेकांची आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, ईक्यूएसची दहा वर्षं किंवा अडीच लाख. किती टक्क्यांखाली क्षमता गेली तर बदलून देणार, हा आकडा शोधा. साधारण सत्तर असतो. जुनी गाडी घेत असाल तर बॅटरीच्या आरोग्याचा कंपनीचा अहवाल मागा, आणि तो मिळत नसेल तर गाडी सोडा.

सातवी पायरी: मागे बसून बघा

मालक मागे आणि ड्रायव्हर पुढे, अशी या वर्गात आपल्याकडची रीत. आणि याच बाबतीत पेट्रोल गाड्या अजून वरचढ आहेत. बॅटरीमुळे इलेक्ट्रिकची फरशी वर येते, गुडघे उचलले जातात, मांडीखाली आधार राहत नाही. आय४ आणि सीलमध्ये हे लगेच जाणवतं. बीएमडब्ल्यू ५ सीरीज आणि ई क्लास इथे मुद्दाम लांब व्हीलबेसमध्ये विकल्या जातात, त्यात पाय पसरून झोपता येतं. आईला किंवा सासऱ्यांना सोबत न्या. दहा मिनिटांची चक्कर नको, तासभर मागे बसू द्या, आणि उतरताना त्यांना दरवाजाला किती जोर लावावा लागतो ते बघा. उलट, शांतपणा आणि अंगाला न जाणवणारा पिकअप यांत इलेक्ट्रिकला तोड नाही. स्वतः चालवणाऱ्याचं मन तिथेच फिरतं.

दोन्हीकडे मन अडकलं असेल तर टोयोटा कॅमरी बघून या. हायब्रिड आहे, चार्जर लागत नाही, मागची सीट ऐसपैस आणि डिसेंबर २०२४ ला आली तेव्हा शोरूम किंमत ४८ लाख होती. पाच टक्के जीएसटीचा लाभ तिला नाही आणि नावाचा रुबाब कमी, पण नांदेड-पुणे नेहमी करणाऱ्याला मी हीच आधी सुचवेन.

बुकिंग करताना

संभाजीनगर किंवा जालन्यात स्वतःचं घर, छत, थ्री फेज, फर्मच्या नावावर खरेदी आणि समृद्धीवरून येणं-जाणं असेल, तर इलेक्ट्रिक घ्या. नांदेड, हिंगोली, परभणीहून अवेळी लांब जावं लागत असेल, किंवा घरात वयस्कर माणसं मागे बसणार असतील, तर पेट्रोल. घरात आधीच एक इनोव्हा किंवा फॉर्च्युनर असेल तर रेंजची चिंता बरीचशी मिटते, दुसरी गाडी बिनधास्त विजेची चालते.

इलेक्ट्रिक ठरलीच तर बुकिंगच्या फॉर्मवर चार ओळी हाताने लिहून डीलरची सही घ्या: चार्जर बसवण्याचा खर्च कोणाचा आणि किती मीटर वायरपर्यंत, गाडी कुठल्या महिन्यात बनलेली, मोटार वाहन कर नंतर लागू झाला तर तो कोण भरणार, आणि जवळचं हाय व्होल्टेज वर्कशॉप कुठलं. गाडी यायच्या आठवडाभर आधी चार्जर भिंतीवर लागलेला असू द्या. शोरूमच्या एखाद्या डेमो गाडीला तो जोडून रात्रभर चालवून बघा, आणि सकाळी वायर व एमसीबीला हात लावून बघा. गरम लागले तर वायरमनला त्याच दिवशी परत बोलवा, डिलिव्हरी चार दिवस पुढे गेली तरी चालेल.